कोबोलमधल्या कमीजास्त लांबीच्या नोंदी : कंपायलरच्या वॉर्निंग कोणत्या क्रमाने सोडवाव्यात

जुन्या कोबोल प्रोग्रामात ‘ऑकर्स डिपेंडिंग ऑन’ (म्हणजे एका संख्येप्रमाणे लहानमोठं होणारं टेबल) असलं आणि तो नव्या कंपायलरवर आणला, की वॉर्निंगची रांग लागते. मग बहुतेक जण दोनपैकी एक करतात. फील्ड मोठं करतात, नाहीतर वॉर्निंग दिसणारच नाही असा ऑप्शन लावतात. दोन्ही वाटांनी प्रोग्राम कंपाइल होतो. बिलातली चूक मात्र तशीच राहते, आणि ती कळते ती शेतकरी पावती घेऊन दारात आल्यावर.

लातूर, नांदेड, परभणीकडची बरीच मुलं आता असली कामं करतात. कुणी पुण्याच्या कंपनीचं मेनफ्रेमचं काम घरून करतं, कुणी एखाद्या संस्थेची जुनी बिलिंग सिस्टिम ग्नूकोबोल या मोफत कंपायलरवर आणतं. कोबोलचा सिंटॅक्स त्यांना चांगला येतो. चुकतो तो क्रम. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

उदाहरणासाठी साखर कारखान्याचं ऊसबिल घेऊ. एका सभासदाला एकही कपात नसते, दुसऱ्याला सोसायटीचं कर्ज, खत, बियाणं, ठेव अशा दहा-बारा कपाती असतात. म्हणजे नोंदीची लांबी सभासदागणिक बदलते. (प्रोग्रामात सगळं रोमन लिपीत टाइप करायचं, इथे वाचण्यापुरतं देवनागरीत दिलं आहे. ‘पिक’ म्हणजे फील्डाचा प्रकार आणि लांबी : ९ म्हणजे अंक, एक्स म्हणजे अक्षर, व्ही म्हणजे दशांशचिन्हाची जागा.)

०१ बिल-नोंद.
   ०५ सभासद-क्र पिक ९(६).
   ०५ पंधरवडा पिक ९(२).
   ०५ कपात-संख्या पिक ९(२).
   ०५ कपात ऑकर्स ० टू १२ टाइम्स
         डिपेंडिंग ऑन कपात-संख्या.
      १० कपात-कोड पिक एक्स(३).
      १० कपात-रक्कम पिक ९(७)व्ही९९.

टेबलाआधीचा भाग १० बाइटचा, एक कपात १२ बाइटची. म्हणून सगळ्यात छोटी नोंद १० बाइट, सगळ्यात मोठी १५४ बाइट, आणि तीन कपातींची ४६ बाइट. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील.

टप्पा १ : हात लावण्याआधीची तयारी

सोर्स, सगळी कॉपीबुकं (अनेक प्रोग्रामांत वापरायच्या सामाईक व्याख्यांच्या फाइली) आणि खऱ्या डेटा फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. जुना प्रोग्राम कोणत्या ऑप्शननी कंपाइल होत होता ते शोधून लिहा. मेनफ्रेमवर ते लिस्टिंगच्या सुरुवातीला छापलेलं असतं, युनिक्सवर बहुधा कुठल्या तरी स्क्रिप्टमध्ये सापडतं. ऑप्शन माहीत नसेल तर तुम्ही वॉर्निंग सोडवाल, पण प्रोग्राम आधीसारखा वागतो की नाही हे सांगू शकणार नाही.

डेटा फाइलच्या पहिल्या काही नोंदी हेक्स डंपमध्ये, म्हणजे एकेक बाइट दिसेल अशा रूपात, उघडा. कॉपीबुक काय म्हणतं ते नंतर पाहू, फाइलमध्ये खरोखर काय आहे ते आधी पाहा. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या सिस्टिममध्ये या दोन्हींत फरक निघणं अगदी नेहमीचं आहे.

तपासणी : डंपमधल्या एका नोंदीत कपात-संख्या ०३ दिसत असेल, तर पुढची नोंद ४६ बाइटनंतर सुरू होते का? होत नसेल तर मध्ये काही जास्तीचे बाइट आहेत किंवा कॉपीबुक जुनं आहे. याचा उलगडा होईपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २ : वॉर्निंगची पूर्ण यादी एकदाच काढा

ग्नूकोबोलमध्ये ‘डब्ल्यू-ऑल’ लावून कंपाइल करा आणि स्टँडर्ड एरर एका फाइलमध्ये वळवा. ‘डब्ल्यू-ऑल’ या नावावर भरवसा ठेवू नका, काही वॉर्निंग त्यात येत नाहीत. कंपायलरची हेल्प उघडून ट्रंकेशन आणि कॉलम ओव्हरफ्लोच्या वॉर्निंग तुमच्या आवृत्तीत वेगळ्या लावाव्या लागतात का ते पाहा.

आयबीएमच्या एंटरप्राइज कोबोलमध्ये ‘डायगट्रंक’ ऑप्शन लावा. मोठ्या अंकाचं फील्ड छोट्यात मूव्ह होत असेल आणि पुढचे अंक तुटत असतील तर तो सांगतो. तिथे वॉर्निंगचा रिटर्न कोड ४ असतो, एररचा ८, आणि गंभीर एररचा १२. बऱ्याच ठिकाणी जेसीएल (मेनफ्रेमवर कामाच्या पायऱ्या सांगणारी स्क्रिप्ट) असं लिहिलेलं असतं की कोड ४ आला तरी पुढची स्टेप चालते. त्यामुळे वर्षानुवर्षं वॉर्निंग येत राहते आणि कुणी बघत नाही.

यादी हाती आली की वरून खाली एकेक सोडवायला बसू नका. तिचे चार गट पाडा : डिक्लेरेशनच्या (बहुतेक कॉपीबुकातल्या), फाइल डिस्क्रिप्शनच्या, मूव्हच्या, आणि स्ट्रिंग किंवा मजकुराच्या. कामही याच क्रमाने करा. कॉपीबुकातली एक चूक वीस प्रोग्रामांत शंभर वॉर्निंग देते. मूव्हपासून सुरुवात केली तर शंभर ठिकाणी ठिगळं लागतात.

सावधान : फिक्स्ड फॉरमॅटमध्ये ७२व्या कॉलमच्या पुढचं कंपायलर वाचत नाही. ओळ लांबली की शेवटचे शब्द किंवा लिटरलचा शेपटाकडचा भाग गळतो आणि वॉर्निंग भलत्याच गोष्टीची येते. लांबीच्या वॉर्निंगमागे लागण्याआधी त्या ओळीची लांबी मोजा.

टप्पा ३ : डिक्लेरेशन नीट करा

इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, संख्येचं फील्ड पुरेसं आहे का. टेबल १२ पर्यंत आणि कपात-संख्या ‘पिक ९’ म्हणजे एकच अंक, असं जुन्या कोडमध्ये सापडतं. सुरुवातीला कपाती नऊच असतील, नंतर कुणीतरी टेबल वाढवलं आणि संख्येचं फील्ड विसरलं. दहावी कपात आली की मोजणी बिघडते. ‘ॲड’मध्ये ‘ऑन साइझ एरर’ नसेल तर प्रोग्राम थांबतही नाही. याची वॉर्निंग येईलच असं नाही, म्हणून स्वतः बघा.

दुसरी, संख्येचं फील्ड टेबलाच्या आधी आहे का. ते टेबलानंतर ठेवलं, तर ते स्वतःच सरकत्या जागेवर जातं आणि लांबी कळायला जे वाचायचं तेच सापडत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते : टेबलानंतर आणखी काही फील्ड आहे का? समजा कुणी शेवटी ‘निव्वळ-रक्कम’ जोडली. प्रमाण कोबोलला हे मान्य नाही. आयबीएमला चालतं, आणि तिथे ती रक्कम कपात-संख्येप्रमाणे पुढेमागे सरकते. तीन कपाती असतील तर ती ४७व्या बाइटवर, बारा असतील तर १५५व्या बाइटवर. मायक्रो फोकसच्या कंपायलरमध्ये ‘ओडीओस्लाइड’ लावलं नसेल तर ती सरकत नाही, टेबल पूर्ण भरलंय असं धरून ठरलेल्या जागी राहते. ग्नूकोबोलमध्येही हीच सेटिंग आहे. म्हणजे तोच सोर्स, तीच फाइल, आणि दोन कंपायलर दोन वेगळ्या जागांवरून रक्कम वाचतात.

उपाय काय? नवीन रचना असेल तर निव्वळ-रक्कम टेबलाच्या आधी आणा. जुनी फाइल आधीच त्या रचनेत लिहिलेली असेल तर कॉपीबुकातली जागा बदलू नका, कारण जुना सगळा डेटा वाचता येणार नाही. त्यापेक्षा ती फाइल ज्या कंपायलरने लिहिली त्याच्यासारखी सेटिंग ठेवून एकदा वाचा, आणि नव्या रचनेत बदलून घेणारा छोटा प्रोग्राम लिहा.

सावधान : संख्या बदलली की टेबलामागचं फील्ड त्याच क्षणी दुसऱ्या जागी गेलेलं असतं, पण त्यातला डेटा जुन्या जागीच राहतो. संख्या वाढवण्याआधी ते फील्ड बाजूला काढून ठेवा आणि वाढवल्यावर परत भरा.

टप्पा ४ : फाइल डिस्क्रिप्शन आणि नोंदीची लांबी

फाइलच्या व्याख्येत ‘रेकॉर्ड इज व्हेरिंग इन साइझ फ्रॉम १० टू १५४ कॅरेक्टर्स डिपेंडिंग ऑन नोंद-लांबी’ असं हवं. नोंद-लांबी हे फील्ड वर्किंग-स्टोरेजमध्ये, बिनचिन्हाचं, पूर्णांकाचं ठेवा. फाइलच्याच नोंदीत ठेवू नका.

आता या नोंदीत दोन लांब्या आहेत, कपात-संख्येतून निघणारी आणि नोंद-लांबीतली. लिहिताना नोंद-लांबीचं चालतं. कपात-संख्या ३ आहे पण नोंद-लांबीत आधीच्या सभासदाचे १५४ उरलेत, तर १५४ बाइट लिहिले जातात, आणि शेवटच्या १०८ बाइटमध्ये दुसऱ्याच सभासदाच्या कपाती असू शकतात. त्यामुळे प्रत्येक ‘राइट’च्या लगेच आधी हिशेब करा : नोंद-लांबी = १० + १२ × कपात-संख्या. हे एकाच पॅराग्राफमध्ये ठेवा आणि सगळीकडून तोच बोलवा.

वाचताना उलटं होतं. ‘रीड’ झाल्यावर नोंद-लांबीत खरी लांबी येते. तिच्यापुढच्या बाइटमध्ये काय आहे याची कुणी हमी देत नाही, तिथे हात घालू नका.

तपासणी : प्रत्येक रीडनंतर नोंद-लांबीतून १० वजा करा. बाकी १२ ने पूर्ण भागली पाहिजे आणि भागाकार कपात-संख्येएवढा आला पाहिजे. नाही आला तर नोंद एरर फाइलमध्ये टाका, बिल काढू नका. चार ओळींची ही तपासणी मला कंपायलरच्या कुठल्याही वॉर्निंगपेक्षा मोलाची वाटते.

फाइल स्टेटसही बघा. ०४ म्हणजे वाचलेली नोंद ठरलेल्या लांबीत बसत नाही, ३९ म्हणजे फाइल उघडतानाच तिचे गुणधर्म प्रोग्रामाशी जुळले नाहीत, ४४ म्हणजे ठरल्यापेक्षा लहान किंवा मोठी नोंद लिहायचा प्रयत्न झाला. ०४ हा शून्याने सुरू होतो म्हणून ‘यशस्वी’ धरून सोडून देणारे प्रोग्राम बरेच आहेत.

मेनफ्रेमवर कमीजास्त लांबीच्या प्रत्येक नोंदीआधी ४ बाइटचा शब्द असतो, आरडीडब्ल्यू. त्यातली लांबी ते ४ बाइट धरून असते, म्हणून आपल्या ४६ बाइटच्या नोंदीला तिथे ५० दिसेल आणि डेटासेटची एलआरईसीएल, म्हणजे नोंदीची कमाल लांबी, १५८ लागेल. कॉपीबुकात हे ४ बाइट लिहायचे नाहीत. एफटीपीने फाइल आणताना तसं सांगितलं नाही तर आरडीडब्ल्यू गळून पडतो, आणि मग नोंद कुठे संपते ते शोधायला फक्त कपात-संख्या उरते.

टप्पा ५ : मूव्ह, म्हणजे आधी लांबी आणि मग मजकूर

निम्म्याहून जास्त चुका इथे होतात. कारण एकच, ग्रुप (आत बरीच फील्डं असलेला अख्खा गट) मूव्ह करताना लांबी कुठून येते हे डोक्यात नसतं.

पाठवणारा ग्रुप असेल तर त्याची लांबी त्या क्षणी कपात-संख्येत जे असेल त्यावरून ठरते. टेबल भरलं आणि संख्या नंतर टाकू म्हटलं, तर मधल्या मूव्हमध्ये जुन्या संख्येएवढाच डेटा जातो.

घेणाऱ्या ग्रुपला दोन नियम आहेत. संख्येचं फील्ड त्याच ग्रुपच्या आत असेल तर प्रमाण कोबोल जास्तीत जास्त लांबी धरतो, आपल्याकडे १५४. सगळा डेटा सुखरूप येतो आणि उरलेल्या जागेत स्पेस भरल्या जातात. संख्या ग्रुपच्या बाहेर असेल तर मात्र मूव्हच्या आधीची तिची किंमत धरली जाते. तिथे मागच्या सभासदाचा १ उरला असेल तर तीनपैकी एकच कपात येते आणि दोन गायब होतात. कंपायलर बोलत नाही, रनटाइमही बोलत नाही. सोसायटीचं कर्ज कापायचं राहून गेलं हे मार्चअखेरीला कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा :

१. संख्या बाहेर असेल तर आधी संख्या मूव्ह करा, मग ग्रुप.
२. नवीन कपात जोडताना आधी बघा की कपात-संख्या १२ पेक्षा कमी आहे.
३. मग संख्येत १ मिळवा.
४. मग त्या क्रमांकाच्या कपातीचा कोड आणि रक्कम दोन्ही भरा. नवी जागा कोरी असते असं समजू नका.

चौथ्या पायरीचं कारण सांगतो. सात कपातींच्या सभासदानंतर तीन कपातींचा आला, तरी चौथ्या ते सातव्या जागेवर जुना डेटा तसाच पडून असतो. संख्या ४ केली आणि फक्त कोड भरला, की रक्कम मागच्या सभासदाची लागते. ग्रुप मूव्हने स्पेस भरल्या गेल्या असतील तर रकमेच्या फील्डात स्पेस असतात, आणि मेनफ्रेमवर तिच्यात बेरीज करताना प्रोग्राम एस-झिरो-सी-सेव्हनने, म्हणजे ‘अंकाच्या जागी अंक नाही’ या चुकीने, पडू शकतो. माझ्या मते पडलेला बरा. चुकीची रक्कम घेऊन पुढे गेलेला प्रोग्राम जास्त नुकसान करतो.

सावधान : ‘व्हॅल्यू साइझ एक्सीड्स डेटा साइझ’ ही वॉर्निंग आली की घेणारं फील्ड लगेच वाढवू नका. ते कॉपीबुकात असेल तर नोंदीची लांबी बदलते, ते वापरणारे सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागतात आणि जुनी फाइल बदलून घ्यावी लागते. आधी विचारा, एवढा मोठा मजकूर इथे यायलाच हवा का?

टप्पा ६ : नावं, पत्ते आणि जिल्ह्याचं फील्ड

‘स्ट्रिंग’ वापरताना दोन गोष्टी पक्क्या ठेवा. घेणारं फील्ड आधी स्पेसने भरा, कारण स्ट्रिंग उरलेली जागा साफ करत नाही. आणि ‘ऑन ओव्हरफ्लो’ लिहा, नाहीतर न मावलेला भाग गुपचूप गळतो.

मजकुराची खरी लांबी हवी असेल तर ‘फंक्शन लेंग्थ’ फील्डाची पूर्ण लांबी देतं, आतल्या मजकुराची नाही. उलट्या केलेल्या मजकुरावर ‘इन्स्पेक्ट टॅलिइंग फॉर लीडिंग स्पेसेस’ करून मागच्या स्पेस मोजा आणि वजा करा. उत्तर शून्य आलं तर त्या लांबीने रेफरन्स मॉडिफिकेशन (फील्डाचा तुकडा घेणं) करू नका, लांबी निदान १ लागते.

आता आपल्याकडे खरोखर आलेला प्रश्न. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. रोमन लिपीत औरंगाबादला १० अक्षरं लागत, छत्रपती संभाजीनगरला मधली स्पेस धरून २५ लागतात. १५ अक्षरांच्या फील्डात नाव ‘संभाजीनगर’च्या तिसऱ्या अक्षरावरच तुटतं. प्रोग्रामात नाव लिटरल म्हणून लिहिलं असेल तर कंपायलर सांगेल. ते मास्टर फाइलमधून येत असेल तर सांगणार नाही, कारण फाइलमध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही.

देवनागरीत हा प्रश्न वाढतो. ‘पिक एक्स’ बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त, ३ बाइट घेतं. बीड ९ बाइट, लातूर १५, धाराशिव २१, औरंगाबाद २४, उस्मानाबाद बरोबर ३०. म्हणून ‘पिक एक्स(३०)’ आजवर पुरत होतं. छत्रपती संभाजीनगरला ४९ बाइट लागतात. ३० वर कापलं तर ‘छत्रपती सं’ एवढं येतं आणि ‘भ’चे तीनपैकी दोनच बाइट उरतात. छापताना तिथे चौकोन येतो किंवा पुढची फाइल वाचणारा प्रोग्राम अडतो.

नाइलाजाने कापावंच लागलं तर असं कापा : कापल्यानंतरच्या पहिल्या बाइटची किंमत १२८ ते १९१ मध्ये असेल तर तुम्ही अक्षराच्या मध्ये आहात. एकेक बाइट मागे या, जोवर तो बाइट या पट्ट्याबाहेर जात नाही. पण जिल्ह्यासाठी मी कापायचा सल्ला देणार नाही. नोंदीत दोन अंकी जिल्हा-कोड ठेवा आणि नाव छापताना वेगळ्या टेबलातून घ्या. एंटरप्राइज कोबोलमध्ये ‘पिक एन’ हा यूटीएफ-१६चा पर्याय आहे, ६.३ आवृत्तीपासून यूटीएफ-८साठी ‘पिक यू’ही आहे. नव्या प्रोग्रामाला ते ठीक, जुन्या फाइलला कोडच बरा.

टप्पा ७ : डेटाबेसचं व्हारकॅर

एम्बेडेड एसक्यूएलमध्ये (कोबोलमध्येच लिहिलेल्या डेटाबेसच्या आज्ञांत) व्हारकॅरसाठी, म्हणजे कमीजास्त लांबीच्या मजकुराच्या कॉलमसाठी, ४९ लेव्हलची दोन फील्डं असतात, पहिलं लांबीचं आणि दुसरं मजकुराचं. नेहमीची चूक म्हणजे मजकूर भरून लांबी तशीच सोडणं. मागच्या नावाची लांबी लागते आणि नवं नाव अर्धवट तरी जातं नाहीतर मागे स्पेस घेऊन जातं. पुढे ‘शोधलं तरी सापडत नाही’ अशा तक्रारी इथूनच येतात.

वाचताना इंडिकेटर व्हेरिएबल (कॉलमची स्थिती सांगणारं जोडीचं फील्ड) द्या. मजकूर तुटला तर आयबीएमच्या डीबी२ डेटाबेसमध्ये ‘एसक्यूएलवॉर्न१’ फील्डात ‘डब्ल्यू’ येतो आणि इंडिकेटरमध्ये मूळ लांबी मिळते. एसक्यूएलकोड शून्य आहे म्हणून सगळं ठीक असं धरू नका. डीबी२ची व्हारकॅर(३०) साधारणपणे बाइट मोजते, पोस्टग्रेसची अक्षरचिन्हं मोजते. एकीकडून दुसरीकडे डेटा नेताना वर सांगितलेलं ४९ बाइटचं नाव आठवा.

टप्पा ८ : वॉर्निंग शून्य झाल्यावरची चाचणी

वॉर्निंग संपल्या म्हणजे कंपायलरला जेवढं दिसतं तेवढं नीट झालं. बाकीचं चालवूनच कळतं. ग्नूकोबोलमध्ये ‘डीबग’ ऑप्शन, आयबीएमकडे ‘एसएसरेंज’ लावून चाचणीची प्रत बनवा. यामुळे सबस्क्रिप्ट किंवा कपात-संख्या मर्यादेबाहेर गेली की प्रोग्राम तिथेच सांगतो.

चाचणीच्या नोंदी ०, १, ३, ११ आणि १२ कपातींच्या घ्या. त्यांच्या लांब्या १०, २२, ४६, १४२, १५४ आल्या पाहिजेत. त्या चढत्या क्रमाने देऊ नका. आधी १२, मग ०, मग ३ असं द्या. लहान नोंदीनंतर मोठी आली की जुना डेटा झाकला जातो आणि चूक दिसत नाही. मोठीनंतर लहान आली की ती उघडी पडते. शेवटी मुद्दाम १३ कपातींचा सभासद द्या. प्रोग्रामने तो नाकारला पाहिजे आणि बाकीची बिलं काढली पाहिजेत.

मग एका जुन्या पंधरवड्याचा खरा डेटा जुन्या आणि नव्या प्रोग्रामावर चालवा. एकूण रक्कम जुळली म्हणून थांबू नका, एकाची कपात दुसऱ्याला लागली तरी एकूण जुळू शकतं. सभासदागणिक कपातींची संख्या आणि बेरीज जुळवा. उसाचं बिल १४ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हे काम हंगाम सुरू होण्याआधी उरका. गाळप चालू असताना तुलनेला वेळ मिळत नाही.

टप्पा ९ : पुढच्या माणसासाठी

प्रोग्रामाच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहा : कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबी, लांबीचं सूत्र, संख्येचं फील्ड कुठे आहे, आणि कंपाइल करायचे ऑप्शन. एखादी वॉर्निंग मुद्दाम ठेवली असेल तर ती का ठेवली हे त्याच ओळीवर लिहा. कामाआधीची आणि नंतरची वॉर्निंगची यादी सोर्ससोबत जपून ठेवा, म्हणजे पुढच्या बदलानंतर नवी वॉर्निंग कोणती आणि जुनी कोणती हे दोन फाइल ताडून लगेच कळेल.